गांधीजींनी दूध का सोडलं होतं? आणि मग शेळीचं दूध का प्यायले?

परभणी जिल्ह्यात गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला मटणाचा आग्रह कुणी करत नाही. जनाबाईंच्या गंगाखेडचा हा जिल्हा. माळकरी म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच माळकऱ्यानं उद्या चहात दूध नको, जेवणात ताक नको, भाकरीवर लोणी नको असं सांगितलं, तर घरातले आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतील.

मांस सोडणं आपल्याकडे समजतं. दूध सोडणं समजत नाही.

आज अशा लोकांना व्हीगन म्हणतात. दूध, दही, तूप, अंडी, मध यातलं काहीच ते खात नाहीत. बरेच जण कातडं, लोकर आणि रेशीमही वापरत नाहीत. कुणी जनावरांच्या हालांमुळे या वाटेला लागतं, कुणी तब्येतीसाठी, कुणी धर्माच्या संस्कारातून, तर कुणी पर्यावरणासाठी. हे सगळं इन्स्टाग्रामवरून आलेलं फॅड आहे असं वाटत असेल, तर शंभर वर्षं मागे जावं लागेल. यातली पर्यावरण सोडून बाकी सगळी कारणं एकाच माणसाच्या आयुष्यात एकामागून एक आली होती. त्यानं दूध सोडलं, सहा-सात वर्षं पाळलं आणि शेवटी मुंबईत आजारपणात हार मानली. त्या माणसाचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. घर वैष्णव, आसपास जैनांचा मोठा प्रभाव. घरात मांसाचा विषयच नव्हता. पण शाळेच्या वयात एका मित्रानं त्यांच्या डोक्यात भरवलं की इंग्रज मांस खातात म्हणून ताकदवान आहेत आणि आपण खात नाही म्हणून गुलाम. मग नदीकाठी लपून बकऱ्याचं मटण खाल्लं गेलं. त्या रात्री पोटात जिवंत बकरी ओरडतेय असं वाटून त्यांना झोप लागली नाही. तरीही वर्षभरात पाच-सहा वेळा हा प्रकार झाला. शेवटी सोडलं, ते मात्र बकरीच्या दयेपोटी नाही. आई-वडिलांशी खोटं बोलावं लागतं हे सहन होईना म्हणून. मोठे झाल्यावर, आई-वडील गेल्यावर उघडपणे मांस खायचं असंच त्यांनी तेव्हा ठरवलं होतं.

१८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाले तेव्हा आई पुतळीबाईंना काळजी. एका जैन साधूसमोर शपथ झाली, की मांस, दारू आणि परस्त्री यांना शिवणार नाही. लंडनमध्ये या शपथेनं पहिले काही आठवडे अक्षरशः उपाशी ठेवलं. उकडलेल्या बेचव भाज्या आणि मोजके पावाचे तुकडे. फिरता फिरता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खानावळ सापडली आणि तिथंच हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं एक पुस्तक मिळालं. ते वाचलं आणि कारण बदललं. तोवर ते आईसाठी शाकाहारी होते, आता स्वतःच्या विचारानं झाले. लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारिणीतही गेले.

इथली एक छोटी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. लंडनमध्ये कुणीतरी पटवलं की अंडं म्हणजे मांस नव्हे, कारण त्यात जिवंत प्राण्याला इजा होत नाही. गांधीजींनी थोडे दिवस अंडी खाल्ली. मग विचार केला, की शपथ घेताना आईच्या मनात मांस या शब्दाचा अर्थ काय होता? तिच्या लेखी अंडं मांसातच येत होतं. मग आपल्या सोयीचा अर्थ चालणार नाही. अंडी बंद झाली, आणि अंडं घातलेले केक-पुडिंगही.

या नियमाची किंमत पुढे घरच्यांनाही मोजावी लागली. १९०२ मध्ये गिरगावात राहत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधीजींनी नकार दिला. ताप उतरेना तेव्हा पोराला ओल्या चादरीत गुंडाळलं, कस्तुरबांना त्याच्याजवळ बसवलं आणि जीव गुदमरून चौपाटीवर फेऱ्या मारायला गेले. परत आले तोवर मुलाला घाम सुटला होता. मणिलाल वाचला. पण न वाचता तर? हा प्रश्न कोणत्याही आई-बापाला पडेल, आणि तो पडायलाच हवा. आणखी एक गोष्ट, पुढचे चाळीस दिवस मुलाला पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस दिला गेला. म्हणजे तोवर दुधाबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं.

दूध नकोसं व्हायला दोन कारणं घडली. पहिलं कारण मुंबईतले जवाहिरे आणि जैन विचारवंत रायचंदभाई. दूध वासना वाढवतं हा विचार त्यांच्याकडून आला आणि ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या गांधीजींच्या डोक्यात तो राहिला. आजच्या व्हीगन माणसाला हे कारण विचित्र वाटेल, पण त्यांच्यासाठी ते खरं होतं. दुसरं कारण मात्र आजचंच आहे. कलकत्त्यातले गवळी गाई-म्हशींचे कसे हाल करतात याची माहितीपत्रकं त्यांच्या हाती आली. त्यात फुंका नावाचा प्रकार होता. जनावरानं पान्हा चोरू नये, शेवटचा थेंबही निघावा म्हणून त्याच्या योनिमार्गात नळीनं हवा फुंकायची. दुधाचा धंदा शहरात आला की जनावराचं काय होतं, हे त्यातून त्यांना दिसलं.

१९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडलं. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल यावर दोघं राहू लागले. व्हीगन हा शब्द जन्मायला अजून ३२ वर्षं होती.

पहिली मोठी परीक्षा १९१४ मध्ये लंडनला झाली. गांधीजी आजारी, आणि त्यांना दूध घ्यायला सांगणारे होते गोपाळ कृष्ण गोखले. गुरुस्थानी मानलेला माणूस, स्वतःची तब्येत ढासळलेली, तरी डॉक्टर जीवराज मेहतांच्या सल्ल्यानं आग्रह करतोय. गांधीजींनी विचार करायला वेळ मागितला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की बाकी काहीही ऐकेन, पण मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नाही. गोखल्यांना वाईट वाटलं. त्यांनी ताणून धरलं नाही.

दुसरी परीक्षा १९१८ ची, आणि ती जड गेली. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी फिरणं चालू होतं. खाणं म्हणजे शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. पोट बिघडलं. त्यात एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी तुपाऐवजी तेलात केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग पुढे ठेवले. ते त्यांनी पोटभर खाल्ले आणि आमांशानं अंथरूण धरलं. आश्रमात असताना आपण आता वाचत नाही असं त्यांना वाटू लागलं. तेव्हा केळकर नावाचे, बर्फानं उपचार करणारे महाराष्ट्रातले गृहस्थ आले. बर्फाचा थोडा गुण आला. केळकरांनी अंडी घ्यायलाही सांगितलं. पिल्लू न होणारी, निर्जीव अंडी दुधाइतकीच निर्दोष असतात असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी तीही नाकारली.

हवापालटासाठी माथेरान झालं. तिथलं पाणी जड, आठवड्याच्या आत परत फिरावं लागलं. मग मुंबईत डॉक्टर दलाल यांनी शस्त्रक्रिया करायचं ठरवलं, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय हे शरीर पुन्हा उभं राहणार नाही. इंजेक्शनं चालतील, दूध नाही, असं गांधीजींचं उत्तर. डॉक्टरांनी शपथेमागचं कारण विचारलं. गांधीजींनी फुंक्याबद्दल सांगितलं.

कस्तुरबा खाटेजवळच उभ्या होत्या. त्यांनी एवढंच सुचवलं की मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? हाल गाई-म्हशींचे होतात, शेळीचे नाही. डॉक्टरांनी लगेच तोच धागा पकडला.

गांधीजींनी मान्य केलं.

लंडनमधली अंडी आठवा. तिथं शब्दाचा सोयीचा अर्थ त्यांनी नाकारला होता. इथं तोच स्वीकारला. शपथ घेताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैस होती हे खरं, पण शपथेचा खरा अर्थ सगळ्याच जनावरांचं दूध असा होता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते नंतर त्यांनी आत्मचरित्रात लपवलं नाही. अक्षर पाळलं आणि आत्मा मारला, याची खंत कायम राहिली. जगायची ओढ सत्यावर मात करून गेली, असं त्यांनी मान्य केलं. ती ओढ कशासाठी होती? १९१९ च्या सुरुवातीचे ते दिवस, रौलट कायद्याविरुद्ध लढायचं होतं. त्याच एप्रिलमध्ये देशभर सत्याग्रह उभा राहिला. कस्तुरबांची ती सूचना नसती तर पुढचं काय झालं असतं, कोण जाणे.

पुढे शेळी त्यांची ओळखच झाली, पण पर्याय शोधणं थांबलं नाही. १९२९ मध्ये कच्च्या अन्नाचा प्रयोग केला, पुन्हा पोट बिघडलं, पुन्हा शेळीचं दूध. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी एक नवं धान्य आश्रमवासीयांच्या ताटात आणलं, ते म्हणजे सोयाबीन. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं, गरिबाला स्वस्तात पोषण मिळेल, म्हणून.

आज परभणीच्या शेतकऱ्याला सोयाबीनची ओळख करून द्यायची गरज नाही. खरिपात इकडे कापसाच्या जोडीला तेच. १९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८ असे वाण मराठवाड्यात घरोघरी माहीत आहेत. गंमत म्हणजे हे पीक ताटात फारसं येत नाही. त्याचं तेल निघतं आणि उरलेल्या पेंडीचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. मगनवाडीत ज्याच्याकडे माणसाचं अन्न म्हणून पाहिलं, त्यावर आता ब्रॉयलर वाढतात.

गांधीजींचं दुधाबद्दलचं शेवटचं मोठं लेखन पुण्यातलं. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांची भूमिका सरळ आहे. दूध हा प्राण्यापासून मिळणारा पदार्थ आहे, काटेकोर शाकाहारात तो बसत नाही. जो दूध घेतो त्याला निर्जीव अंड्याची हरकत नसावी. म्हणजे केळकर १९१८ मध्ये जे म्हणत होते, ते चोवीस वर्षांनी त्यांनीही मांडलं. दुधाला वनस्पतीतला पर्याय असायला हवा, पण तो आपल्याला सापडलेला नाही, हेही कबूल केलं.

कस्तुरबा त्याच कैदेत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी दूधही न घेणाऱ्यांसाठी व्हीगन हा शब्द काढला आणि संस्था सुरू केली.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर काही महिन्यांतच, १९४८ मध्येच, अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढलं. मांस, अंडी, दूध यांतून मिळणारं हे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्या किंवा शेंगदाण्यातून भरवशानं मिळत नाही. गांधीजींना अंथरुणाला खिळवलं ते आमांशानं, त्याचा दोष बी-१२ वर टाकता येणार नाही. पण आज दूध पूर्ण सोडणाऱ्याला डॉक्टर पहिल्यांदा हीच गोळी लिहून देतात.