थॉमस एडिसन आणि क्वाड्रुप्लेक्स तारायंत्र

थॉमस अल्वा एडिसन (११ फेब्रुवारी, १८४७:मायलन, ओहायो, अमेरिका - १८ ऑक्टोबर, १९३१:वेस्ट ऑरेंज, न्यू जर्सी, अमेरिका) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. विजेचा दिवा आणि फोनोग्राफ यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले असले, तरी त्यांच्या संशोधनाचा पहिला कालखंड जवळजवळ पूर्णपणे तारायंत्राने व्यापलेला होता. त्यांच्या नावावरील १,०९३ अमेरिकी पेटंटांपैकी सुमारे १५० तारायंत्राशी संबंधित आहेत. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे १८७४ साली सिद्ध झालेले क्वाड्रुप्लेक्स तारायंत्र. या यंत्रामुळे एकाच तारेवरून एकाच वेळी चार संदेश, दोन एका दिशेने व दोन उलट दिशेने, पाठविता येऊ लागले. प्रस्तुत लेखात एडिसन यांच्या जीवनातील याच भागाचा प्रामुख्याने विचार केला आहे.

बालपण व तारयंत्राचे शिक्षण

एडिसन हे सॅम्युअल व नॅन्सी एडिसन यांचे सातवे व शेवटचे अपत्य. १८५४ मध्ये हे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन येथे स्थायिक झाले. थॉमस यांचे शालेय शिक्षण अल्पकाळच झाले. पूर्वी शिक्षिका असलेल्या आईनेच त्यांना घरी शिकविले. १८५९ पासून ते पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या रेल्वेमार्गावर वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागले. त्यांची श्रवणशक्ती लहानपणापासूनच मंद होत गेली.

१८६२ मध्ये माउंट क्लेमेन्स स्थानकावर रुळांत खेळणाऱ्या एका लहान मुलाला त्यांनी घरंगळत येणाऱ्या डब्यासमोरून ओढून वाचविले. हा मुलगा स्थानकप्रमुख जेम्स मॅकेन्झी यांचा होता. या उपकाराची परतफेड म्हणून मॅकेन्झी यांनी एडिसन यांना तारयंत्र चालविण्याचे शिक्षण दिले. त्यानंतरची पाच-सहा वर्षे एडिसन गावोगाव फिरणारे तारवाले म्हणून जगले. कॅनडातील स्ट्रॅटफर्ड जंक्शन, तसेच फोर्ट वेन, इंडियानापोलिस, सिनसिनाटी, मेम्फिस व लुइसव्हिल येथे त्यांनी नोकऱ्या केल्या. त्यांना रात्रपाळी आवडे, कारण दिवसाचा वेळ प्रयोगांसाठी मोकळा राही.

इंडियानापोलिस येथे वृत्तपत्रांसाठी येणाऱ्या तारा अतिशय वेगाने येत व नवख्या एडिसन यांना त्या उतरून घेणे जड जाई. त्यांनी दोन मोर्स नोंदयंत्रे जोडली. पहिले यंत्र येणारे बिंदू व रेघा कागदी पट्टीवर उमटवी. ती पट्टी दुसऱ्या यंत्रातून सावकाश नेली, की तोच संदेश कमी वेगाने पुन्हा ऐकता येई. या युक्तीला पुढे, तेरा वर्षांनंतर, अनपेक्षित फळ आले.

बॉस्टन ते न्यूअर्क

१८६८ मध्ये एडिसन बॉस्टन येथील वेस्टर्न युनियन कंपनीच्या मुख्य कचेरीत रुजू झाले. येथे मायकेल फॅराडे यांचे विद्युतशास्त्रावरील ग्रंथ त्यांनी बारकाईने वाचले आणि त्यांतील प्रयोग स्वतः करून पाहिले. जानेवारी १८६९ मध्ये नोकरी सोडून त्यांनी संशोधनालाच वाहून घेतले. विधिमंडळातील मतांची नोंद करणाऱ्या विद्युतयंत्राचे त्यांचे पहिले पेटंट १ जून, १८६९ रोजी मंजूर झाले. परंतु हे यंत्र कोणी विकत घेतले नाही. त्याच वर्षी रॉचेस्टर व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान एका तारेवरून दोन संदेश पाठविण्याचा त्यांचा प्रयोगही फसला.

जवळ फारसे काही नसताना ते न्यूयॉर्कला आले. शेअरबाजारातील भाव छापणाऱ्या तारयंत्रांच्या सुधारणेत त्यांनी नाव मिळविले व १८७० पासून न्यूअर्क येथे स्वतःचे कारखाने उभारले. २५ डिसेंबर, १८७१ रोजी मेरी स्टिलवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पहिल्या दोन मुलांची टोपणनावे मोर्स लिपीतील चिन्हांवरून डॉट व डॅश अशी होती.

एका तारेवर अनेक संदेश: पूर्वपीठिका

दूरच्या शहरांना जोडणारी तार महाग असे. खांब, तांबे किंवा लोखंड, दुरुस्तीची माणसे हा सारा खर्च तारेच्या लांबीबरोबर वाढत जाई. यंत्रांचा खर्च त्या मानाने किरकोळ होता. म्हणून आहे त्याच तारेवरून अधिक संदेश पाठविणे कंपन्यांना हवे होते.

तारयंत्रात दूरवरून येणारा प्रवाह क्षीण असतो. टकटक आवाज करणारा साउंडर हलविण्याइतके बळ त्यात नसते. म्हणून तो प्रवाह रिले नावाच्या नाजूक विद्युतचुंबकात सोडतात. रिलेची हलकी लोखंडी पट्टी ओढली गेली, की स्थानिक घटमालेचे मंडल जोडले जाते आणि साउंडर वाजतो. बहुसंदेशी तारायंत्राचा सारा इतिहास हा वस्तुतः या रिलेला काय ऐकू यावे व काय ऐकू येऊ नये, हे ठरविण्याचा इतिहास आहे.

परस्परविरुद्ध दिशांनी एकेक संदेश पाठविण्याच्या पद्धतीस डुप्लेक्स म्हणतात. व्हिएन्ना येथील यूलियुस गिंटल यांनी १८५३ मध्ये व हॅनोव्हर येथील कार्ल फ्रिशेन यांनी १८५४ मध्ये या दिशेने प्रयोग केले. फ्रिशेन यांच्या पद्धतीत रिलेवर दोन सारखी, परंतु उलट परिणाम करणारी वेटोळी असतात. कळ दाबली, की निघणारा प्रवाह दुभंगतो. अर्धा प्रत्यक्ष तारेत जातो, तर अर्धा कृत्रिम तारेत, म्हणजे रोधकांच्या पेटीतून जमिनीत. दोन्ही भाग समान असल्यास त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना नाहीसे करतात. परिणामी आपल्या कळीने आपलाच रिले हलत नाही. समोरून येणारा प्रवाह मात्र हा तोल मोडतो व रिलेला हलवितो.

लांब तारांवर ही युक्ती अपुरी पडे. लांब तार स्वतःच विद्युतभार साठवून ठेवते आणि कळ सोडताच तो परत फेकते. त्या झटक्याने रिले खोटा ठोका देतो. बॉस्टनचे जोसेफ स्टर्न्स यांनी कृत्रिम तारेला धारित्रे जोडून तिलाही तसाच भार साठविण्यास लावले आणि हा दोष दूर केला. १८७२ मध्ये वेस्टर्न युनियनने त्यांचे हक्क विकत घेतले. याच सुमारास भारतातील तार खात्यात कलकत्ता येथे काम करणारे लुई श्वेंडलर हेदेखील डुप्लेक्सच्या सिद्धांतावर लेखन करीत होते.

क्वाड्रुप्लेक्स व रिलेचा प्रश्न

वेस्टर्न युनियनचे अध्यक्ष विल्यम ऑर्टन यांना भीती होती, की स्टर्न्स यांच्या पद्धतीला वळसा घालणारी एखादी निराळी रचना प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागेल. म्हणून १८७३ च्या आरंभी त्यांनी एडिसन यांना डुप्लेक्सचे शक्य तेवढे प्रकार शोधून काढण्याचे काम दिले. हे काम नवनिर्मितीपेक्षा कुंपण घालण्याचे अधिक होते. एडिसन यांनी मात्र अनेक आराखडे तयार करता करता एकाच दिशेने दोन संदेश पाठविण्याच्या, म्हणजे डायप्लेक्सच्या प्रश्नाकडे लक्ष वळविले.

ही कल्पना नवी नव्हती. व्हिएन्नाचे श्टार्क व लायडनचे बॉस्खा यांनी १८५५ मध्येच ती मांडली होती. एडिसन यांच्या रचनेत पहिली कळ प्रवाहाची दिशा उलटविते आणि दुसरी कळ अधिक घट जोडून प्रवाहाची तीव्रता वाढविते. दुसऱ्या टोकाला दोन रिले असतात. पहिला ध्रुवित रिले फक्त प्रवाहाची दिशा ओळखतो. प्रवाह सबळ आहे की दुर्बळ, याची तो पर्वा करीत नाही. दुसरा उदासीन रिले फक्त तीव्रता ओळखतो. त्याची स्प्रिंग इतकी ताणलेली असते, की दुर्बळ प्रवाहाने तो हलत नाही आणि सबळ प्रवाहाने, दिशा कोणतीही असो, हलतो. या जोडीला डुप्लेक्सची समतोल रचना जोडली, की दोन्ही दिशांना दोन-दोन मिळून चार संदेश होतात. त्यासाठी प्रत्येक टोकाला दोन पाठविणारे व दोन उतरून घेणारे, असे एकूण आठ तारवाले एका तारेवर काम करीत.

कागदावर निर्दोष दिसणारी ही योजना तारेवर अडखळे. दुसरी कळ दाबलेली असताना पहिल्या कळीने दिशा उलटविली, तर प्रवाह एका दिशेकडून दुसरीकडे जाताना शून्यातून जातो. त्या क्षणी उदासीन रिलेचे चुंबकत्व नाहीसे होते, स्प्रिंग पट्टीला मागे खेचते आणि साउंडर मधेच तुटक ठोका देतो. एक लांब रेघ दोन तुकड्यांत ऐकू येते. अर्थात अक्षरच बदलते. तार जितकी लांब, तितका हा शून्यक्षण रेंगाळतो. पहिल्या तारवाल्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दुसऱ्याचा संदेश बिघडण्याचा धोका असल्याने, हा दोष न निघता तर क्वाड्रुप्लेक्स हे प्रयोगशाळेतील नवल म्हणूनच राहिले असते.

शून्यक्षण टाळणे शक्य नव्हते. एडिसन यांनी तो होऊ दिला आणि स्थानिक मंडलात त्याचा परिणाम अडविला. नेहमीच्या रचनेत रिलेची पट्टी पुढच्या संपर्कबिंदूला टेकली, की साउंडर वाजतो. एडिसन यांनी पुढच्या बिंदूऐवजी मागचा बिंदू वापरला आणि रिले व साउंडर यांच्यामध्ये एक मध्यस्थ विद्युतचुंबक बसविला. रिलेची पट्टी पूर्ण मागे जाऊन मागच्या बिंदूला टेकेल, तेव्हाच हा मध्यस्थ जागा होतो व साउंडरचे मंडल तोडतो. दिशा उलटताना पट्टी पुढच्या जागेवरून क्षणभर सुटते खरी, परंतु ती मागच्या बिंदूपर्यंत पोहोचून मध्यस्थाला चेतविण्यापूर्वीच नव्या दिशेचा प्रवाह तिला पुन्हा ओढून घेतो. साउंडरला या घालमेलीचा पत्ताही लागत नाही. कळ खरोखर सोडली, तर मात्र पट्टीला मागे टेकण्यास पुरेसा अवधी मिळतो व संदेश बरोबर उमटतो.

या रचनेला तारवाल्यांच्या परिभाषेत बगचा सापळा म्हणत. यंत्रातील दोषास बग म्हणण्याची प्रथा संगणकात अडकलेल्या पतंगापासून सुरू झाली, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. तो पतंग १९४७ मध्ये सापडला. एडिसन यांच्या लेखनात हा शब्द १८७० च्या दशकातच आढळतो.

पुढील काळात उदासीन रिलेला जादा वेटोळे व धारित्र जोडून शून्यक्षणातही त्याला धरून ठेवण्याच्या सुधारणा झाल्या. समतोलाची कटकट मात्र कायम राहिली. पावसात ओल्या खांबांवरून प्रवाह झिरपे, तारेचा परिणामी रोध बदले आणि कृत्रिम तार पुन्हा जुळवून घ्यावी लागे.

हक्कांचा वाद

प्रयोगांसाठी कंपनीच्या तारा व साहित्य हवे असल्याने एडिसन यांनी १८७४ च्या उन्हाळ्यात वेस्टर्न युनियनचे विद्युततज्ज्ञ जॉर्ज प्रेस्कॉट यांच्याशी करार केला. त्यानुसार पेटंटांत प्रेस्कॉट यांना निम्मा वाटा मिळणार होता. कल्पना व मंडलरचना एडिसन यांच्या होत्या. प्रेस्कॉट यांचे योगदान मुख्यतः कंपनीची दारे उघडण्याचे होते, असेच उपलब्ध नोंदींवरून दिसते. वर्षअखेरीस यंत्र प्रत्यक्ष वापरात आले. तथापि मोबदल्याचा निर्णय लांबला. कारखान्याच्या देण्यांनी बेजार झालेल्या एडिसन यांना डिसेंबर १८७४ मध्ये ५,००० डॉलर आगाऊ मिळाले, आणि अंतिम करार न करताच ऑर्टन शिकागोला गेले.

ही संधी प्रतिस्पर्धी अटलांटिक अँड पॅसिफिक कंपनीमागील धनाढ्य जे गूल्ड यांनी साधली. ते स्वतः न्यूअर्कच्या कारखान्यात आले व जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी एडिसन यांचा हिस्सा ३०,००० डॉलरना विकत घेतला. ऑर्टन परतले तेव्हा आपल्याच तारांवर घडलेले यंत्र शत्रूच्या हाती गेल्याचे त्यांना कळले. त्यात १८७१ मध्ये एडिसन यांनी जॉर्ज हॅरिंग्टन यांना जलद तारयंत्रांबाबत दिलेल्या हक्कांचीही गुंतागुंत होती. गूल्ड यांच्या बाजूने त्यांचाच आधार घेण्यात आला. एकच शोध दोघांना विकल्याचा ठपका एडिसन यांच्यावर आला. पैशाच्या निकडीने हे समजण्यासारखे होते, परंतु वेस्टर्न युनियनचा रागही निराधार म्हणता येत नाही.

खटला १८७७ मध्ये न्यायालयात उभा राहिला. त्याच वर्षी अटलांटिक अँड पॅसिफिक वेस्टर्न युनियनच्या ताब्यात गेल्याने वादातील जीव गेला. १८८१ मध्ये गूल्ड यांनी खुद्द वेस्टर्न युनियनच ताब्यात घेतली. दरम्यान हॅरिंग्टन व एडिसन यांनी गूल्ड यांच्या कंपनीविरुद्ध लावलेला दावा अनेक वर्षे रेंगाळला.

तारयंत्राकडून फोनोग्राफकडे

वादानंतरही वेस्टर्न युनियनने एडिसन यांना सोडले नाही. निरनिराळ्या कंपनसंख्यांचे स्वर वापरून एका तारेवर अनेक संदेश पाठविण्याच्या पद्धतीवर कंपनीने त्यांना १८७५ मध्ये काम दिले. एलिशा ग्रे व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हेही याच प्रश्नाच्या मागे होते आणि बेल त्यातूनच दूरध्वनीकडे वळले. १८७६ मध्ये एडिसन मेन्लो पार्क येथे आले. दूरध्वनीसाठी त्यांनी तयार केलेल्या कार्बन प्रेषकाने बोलणे स्पष्ट व दूरवर ऐकू येऊ लागले. १८७७ मध्ये तारेवरील संदेश कागदावर उठवून पुन्हा वेगाने पाठविणाऱ्या यंत्रावर काम करताना त्यांना ध्वनीही असाच उमटवून परत ऐकविता येईल, असे सुचले. त्याच वर्षी फोनोग्राफ तयार झाला. इंडियानापोलिसच्या दोन नोंदयंत्रांशी त्याचे नाते उघड आहे.

त्यानंतर विजेचा दिवा (१८७९) व न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील वीजकेंद्र (१८८२) यांनी तारयंत्र मागे पडले. मेरी यांचे १८८४ मध्ये निधन झाले. १८८६ मध्ये एडिसन यांनी मिना मिलर यांच्याशी विवाह केला. त्यांना मोर्स लिपी शिकवून लग्नाची मागणी हातावर ठोके देऊन घातली, असे एडिसन सांगत.

क्वाड्रुप्लेक्सचा वापर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मोठ्या प्रमाणावर चालू होता. फ्रान्सचे एमिल बोदो यांनी १८७४ मध्येच पेटंट घेतलेल्या पद्धतीत दिशा किंवा तीव्रता नव्हे, तर वेळेची वाटणी करून प्रत्येक संदेशाला आळीपाळीने तार दिली जाई आणि अक्षरे थेट छापली जात. तिच्यावर आधारलेली यंत्रे रूढ झाल्यावर क्वाड्रुप्लेक्स मुख्य मार्गांवरून हळूहळू काढून घेण्यात आले.