कॅप्टन जेम्स कुक आणि ताटातलं विष

कॅप्टन जेम्स कुक हे नाव आपण इतिहास-भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. पॅसिफिक महासागराचे नकाशे काढणारा, जगाला प्रदक्षिणा घालणारा दर्यावर्दी म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण १७७४ साली, दोन महिन्यांच्या आतच, त्याच्या जहाजावर दोनदा माशांमुळे विषबाधा झाली. दुसऱ्या वेळी तर खुद्द कुकच मरता मरता वाचला. आज आपण त्याचं चरित्र पाहू आणि समुद्रातली ही नैसर्गिक विषं कशी काम करतात तेही समजून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

कुकचा जन्म २७ ऑक्टोबर १७२८ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातील मार्टन या खेड्यात झाला. वडील शेतमजूर होते. ज्यांच्या शेतावर ते काम करत त्या मालकानेच मुलाच्या शाळेची फी भरली. सोळा-सतरा वर्षांचा असताना कुक समुद्रकाठच्या स्टेथ्स गावात एका दुकानात कामाला लागला. पण दुकानात त्याचं मन रमेना. १७४६ मध्ये तो व्हिटबी बंदरात कोळशाची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर शिकाऊ खलाशी झाला. काम करता करता त्याने गणित आणि नौकानयनाचा अभ्यास केला.

१७५५ मध्ये चांगली नोकरी समोर असूनही तो साधा खलाशी म्हणून इंग्लंडच्या आरमारात दाखल झाला. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदी आणि न्यूफाउंडलंडचा किनारा यांची त्याने इतकी अचूक मोजणी केली की वरिष्ठांचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

पहिली सफर

१७६८ मध्ये 'एन्डेव्हर' जहाज घेऊन तो निघाला. १७६९ मध्ये ताहिती बेटावरून सूर्यबिंबावरून जाणाऱ्या शुक्राचं निरीक्षण झालं. नंतर त्याने न्यूझीलंडचा किनारा नकाशावर आणला आणि १७७० मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला. त्याच वर्षी जून महिन्यात त्याचं जहाज ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळावर आदळलं आणि तळाला भोक पडलं. मोठ्या कष्टाने जहाज वाचलं. प्रवाळ जहाज फोडू शकतो, हा धडा त्याला तिथे मिळाला. प्रवाळातला मासा माणसालाही आडवा करू शकतो, हे मात्र त्याला पुढच्या सफरीत कळलं.

खलाशांच्या जेवणाची काळजी

त्या काळी लांबच्या सफरीत स्कर्व्ही या रोगाने खलाशी पटापट मरत. हा रोग 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. कुकने मात्र एक शिस्त घालून घेतली होती. जहाज स्वच्छ ठेवायचं, कपडे आणि अंथरुणं कोरडी ठेवायची, आंबवलेली कोबी खायला लावायची आणि जिथे नांगर टाकू तिथली ताजी भाजी, फळं, मासे मिळवायचे. या शिस्तीने असंख्य जीव वाचले. पण अनोळखी किनाऱ्यावरचा ताजा मासा ताटात आला तो याच शिस्तीमुळे.

पहिली विषबाधा : मालेकुला

१७७२ मध्ये 'रिझोल्यूशन' जहाजावरून दुसरी सफर सुरू झाली. जुलै १७७४ मध्ये जहाज आजच्या वानुआतू देशातील मालेकुला बेटाजवळ होतं. तिथे गळाला दोन लालसर मासे लागले. दुसऱ्या दिवशी बहुतेक अधिकाऱ्यांनी ते खाल्ले. रात्री सगळ्यांचं डोकं आणि हाडं ठणकू लागली, अंगाची आग आग झाली, सांधे बधिर पडले. जहाजावरच्या डुकरांनी आणि कुत्र्यांनीही तो मासा खाल्ला होता. त्यातलं एक डुक्कर आणि एक कुत्रा दगावला. सगळे अधिकारी बरे व्हायला आठ-दहा दिवस लागले.

या आजाराला आज सिग्वाटेरा म्हणतात. लक्षणांवरून मालेकुलाची घटना त्याचीच असावी, असं मानलं जातं. गंमत अशी की हे विष मासा स्वतः तयार करत नाही. प्रवाळावरच्या शेवाळात गॅम्बियरडिस्कस नावाचे एकपेशीय जीव राहतात, विषाची सुरुवात तिथे होते. शेवाळ छोटे मासे खातात, त्यांना मोठे मासे खातात, आणि प्रत्येक पायरीवर विष साठत जातं. म्हणून प्रवाळावर शिकार करणारे मोठे, वयस्क मासे जास्त धोक्याचे. त्यांत तांबोशीचे काही भाऊबंद आणि हेकरूच्या जातीचे मासेही येतात. माशाला काहीच होत नाही. तो ताजा दिसतो, त्याला वास नसतो, चव बदलत नाही. शिजवून, तळून, खारवून किंवा बर्फात ठेवूनही हे विष जात नाही.

दुसरी विषबाधा : न्यू कॅलेडोनिया

सप्टेंबर १७७४ मध्ये जहाज न्यू कॅलेडोनिया बेटावर होतं. तिथल्या एका माणसाने मारलेला मासा कुकच्या कारकुनाने विकत घेतला. मासा विचित्र होता, डोकं मोठं आणि बेढब. जहाजावर योहान फोर्स्टर आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेऑर्ग हे निसर्गअभ्यासक होते. त्यांना थोडी शंका आली. पण अशाच माशाने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आपल्याला काही झालं नव्हतं, असं कुकने त्यांना सांगितल्याचं गेऑर्गने नोंदवलं आहे.

मग माशाचं चित्र काढणं आणि वर्णन लिहिणं सुरू झालं. त्यात इतका उशीर झाला की रात्रीच्या जेवणाला फक्त यकृत आणि गाबोळी शिजली. तिघांनी नुसती चव घेतली. पहाटे तीनच्या सुमाराला त्यांचे हातपाय लुळे पडले. कुकच्या हाताला पाण्याने भरलेलं भांडं आणि पीस यांच्या वजनातला फरकही कळेना. ओकारीचं औषध घेऊन ते वाचले. आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं.

हा मासा केंडाच्या कुळातला होता. कोकणातले कोळी ज्या फुगणाऱ्या माशाला केंड म्हणतात, त्याच कुळातला. यातल्या विषाचं नाव टेट्रोडोटॉक्सिन. यकृत आणि गाबोळीत ते सर्वांत जास्त असतं, म्हणजे तिघांनी नेमका सर्वांत घातक भागच तोंडात घातला होता. जात, ऋतू आणि अवयवानुसार विषाचं प्रमाण बदलतं. म्हणूनच मागच्या वेळी काही झालं नाही, हा पुरावा इथे चालत नाही.

आपल्या चेतापेशींना सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. सिग्वाटेराचं विष ही दारं उघडीच ठेवतं, त्यामुळे खोटे संदेश जातात. अनेकांना थंड वस्तूही चटका बसल्यासारखी लागते. केंडाचं विष हीच दारं बंद करतं, त्यामुळे संदेशच जात नाहीत. शेवटी श्वासाचे स्नायूही थांबू शकतात. दोन्हींवर आजही उतारा नाही. रुग्णालयात रुग्णाला सांभाळणं, गरज पडल्यास कृत्रिम श्वास देणं, एवढंच हाती असतं.

त्या सकाळी बेटावरचे लोक जहाजावर आले. टांगलेला मासा पाहताच त्यांनी किळस दाखवली आणि हा खायचा नाही, असं खुणेने सांगितलं. विक्रीच्या वेळी मात्र कोणी काही बोललं नाही, अशी कुकची तक्रार होती. पण खुणांनी का होईना, उत्तर मिळत होतं. प्रश्न जेवणाआधी विचारायला हवा होता.

अखेरचे दिवस

१७७५ मध्ये कुक इंग्लंडला परतला. तीन वर्षांहून जास्त काळात त्याच्या जहाजावरची फक्त चार माणसं दगावली, त्यातला एकच रोगाने. खलाशांचं आरोग्य राखल्याबद्दल १७७६ मध्ये रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक त्याला जाहीर झालं. त्याच वर्षी तो तिसऱ्या सफरीवर निघाला. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी हवाई बेटावर, चोरीला गेलेल्या होडीच्या बदल्यात तिथल्या राजाला ओलीस धरायचा प्रयत्न करताना झालेल्या झटापटीत तो मारला गेला. ज्या लोकांच्या अन्नपाण्यावर त्याच्या सफरी चालल्या, त्यांच्याशीच त्याचं अखेर बिनसलं.

'रिझोल्यूशन'वर जॉर्ज व्हँकूव्हर नावाचा एक तरुण होता. पुढे तोही कप्तान झाला. १७९३ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या माणसांनी शिंपले खाल्ले आणि जॉन कार्टर हा खलाशी काही तासांत मरण पावला. तिथेही विष शिंपल्यात आलं होतं ते सूक्ष्म जीवांकडूनच.

आपण काय लक्षात ठेवायचं?

१. मासा ताजा असणं आणि तो बिनविषारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
२. केंड मासा घरी शिजवू नये. जपानमध्येही परवाना असलेला आचारीच तो बनवतो.
३. प्रवाळ बेटांवर फिरायला गेल्यास फार मोठा मासा, त्याचं डोकं, यकृत, आतडी आणि गाबोळी टाळावी.
४. मासे खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, हातापायाला मुंग्या आल्या तर लगेच दवाखाना गाठावा आणि कोणता मासा खाल्ला ते डॉक्टरांना सांगावं.
५. अनोळखी मासा घेताना तिथल्या कोळ्याला विचारावं, हा तुम्ही घरी खाता का? तो नाही म्हणाला, तर आपणही खाऊ नये.