झाडांच्या रोगाचे निदान करणारा रॉबर्ट हार्टिग
झाड आतून कुजले की खोडावर अळंबी उगवते, अशी एकोणिसाव्या शतकात अनेकांची समजूत होती. जर्मनीत वनशास्त्रज्ञांच्या घराण्यात १८३९ मध्ये जन्मलेल्या रॉबर्ट हार्टिग यांनी ती खोटी ठरवली. लाकडातले सूक्ष्म तंतू आणि बाहेरची अळंबी एकाच बुरशीचे भाग आहेत, हे त्यांनी १८७४ मध्ये दाखवले. बुरशी हा कुजण्याचा परिणाम नसून कारण आहे! पुढे म्युनिकमध्ये त्यांनी अध्यापन केले. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. ही बुरशी बहुधा सालीच्या जखमेतून शिरते आणि कुजलेले लाकूड पुन्हा भरून येत नाही. म्हणून खोडात खिळे ठोकू नयेत, साल सोलू नये. झाडालाही उपचारापेक्षा प्रतिबंधच बरा.