कमला सोहोनी : पिकाच्या पेशीतील ऊर्जेचा माग घेणाऱ्या शास्त्रज्ञ



निडी आणि पेण-रोहा परिसरात भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर वाल पेरला जातो. तोच वाल भिजवून, मोड आणून, सोलून घरोघरी बिरडे होते. खार जमिनीत रहू टाकण्यासाठी भिजवलेले भात गोणीत दाबून ठेवले की गोणी आतून गरम लागते, हेही तुम्ही पाहिले असेल. ही ऊब कुठून येते आणि वाल कच्चा का खाऊ नये, या दोन्ही प्रश्नांशी एका मराठी शास्त्रज्ञाच्या कामाचा जवळचा संबंध आहे. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

प्रवेशासाठीचा लढा

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकले होते. कमलाबाईंनी 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली आणि त्याच संस्थेत अर्ज केला. तेथील संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून निर्णय घेऊ, या अटीवर त्यांना घेतले गेले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि 1936 मध्ये एम.एस्सी. मिळवली. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढच्या मुलींसाठी संस्थेचे दार उघडले.

बटाट्यात सापडलेला दुवा

पुढे त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्यासोबत वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन आढळले. प्राण्यांच्या पेशीत ते असते, हे डेव्हिड कायलिन यांच्या कामामुळे माहीत होते. वनस्पतींच्या पेशीही श्वसनासाठी तेच वापरतात, हे कमलाबाईंच्या कामातून पुढे आले. अवघ्या 40 पानांच्या प्रबंधावर त्यांना 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली.

या शोधाचे महत्त्व आपल्या भातखाचरांवरून समजते. उतारावरचे पाणी एकदम खाली सोडले तर बांध फोडून जाते. तेच एका खाचरातून दुसऱ्यात उतरवले तर प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडते. पेशीत साखरेचे ज्वलनही असेच टप्प्याटप्प्याने होते. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. सायटोक्रोम सी हा त्या वाटेवरचा एक टप्पा. शेवटी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी तयार होते. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेतून एटीपी बनते. एटीपी म्हणजे पेशीची रोख रक्कम. मुळाने अन्नद्रव्य ओढणे, कोंब वाढणे, दाणा भरणे, सगळे त्यावर चालते.

गोणी गरम का होते

ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, ती फक्त रूप बदलते. हा ऊष्मागतिकीचा पहिला नियम. दुसरा नियम सांगतो की प्रत्येक बदलात काही ऊर्जा उष्णता होऊन पसरते आणि ती परत कामाला लावता येत नाही. 180 ग्रॅम ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनातून सुमारे 686 किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. त्यातली साधारण एक तृतीयांश ते 40 टक्के एटीपीत साठते, उरलेली उष्णता बनते. रहूच्या गोणीतली ऊब हीच. तेथे ती हवीशी असते, कारण बी जागे होत असते. पण ओलसर भात साठवणीत गरम होऊ लागले, तर दाणे आणि त्यावरची बुरशी मिळून तुमचेच धान्य जाळत असतात. वजन घटते, उगवण घटते.

ऑक्सिजन मिळाला नाही तर ही वाट बंद पडते. मग पेशीला एका ग्लुकोजमागे सुमारे 30 ऐवजी फक्त 2 एटीपी मिळतात. वालाच्या शेतात पाणी तुंबले की रोप पिवळे पडते, त्याचे एक मोठे कारण हेच. भाताच्या मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून ते पाण्यात तग धरते. वालाला ती सोय नाही.

कडधान्ये आणि नीरा

1939 मध्ये भारतात परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. संचालकपद मात्र त्यांना बरेच उशिरा मिळाले.

येथे त्यांनी गरिबांच्या ताटातले अन्न तपासले. वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे घटक असतात, त्यांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह संशोधन केले. कच्च्या दाण्यात प्रथिन भरपूर असले तरी हा घटक ते पचू देत नाही. भिजवून, मोड आणून नीट शिजवले की त्याचा जोर मोडतो. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर ग्राहकांसाठी अन्नभेसळीविरुद्ध त्या काम करत राहिल्या. 1998 मध्ये त्यांचे निधन झाले.

तुमच्या शेतासाठी

- भात 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा येईपर्यंत वाळवून मगच साठवा. अधूनमधून गोणीत हात घालून पाहा. ऊब लागली तर लगेच पसरून वाळवा.
- रहूची गोणी फार गरम होऊ देऊ नका, अधूनमधून उलटवा. जास्त तापली तर कोंब मरतात.
- वालाच्या शेतात पाणी साचू देऊ नका. पेरणीपूर्वी चर काढून ठेवा.
- वासरांना किंवा कोंबड्यांना वाल द्यायचा असेल तर शिजवूनच द्या.
- नीरा पहाटे उतरवून थंड ठेवा. उबेत यीस्ट तिच्यातली साखर आंबवून मद्य बनवते.

बटाट्याच्या फोडीपासून सुरू झालेले कमलाबाईंचे काम तुमच्या कणगीपर्यंत येऊन पोहोचते. दाणा काढल्यानंतरही जिवंत असतो आणि श्वास घेतो. तो जितका सावकाश श्वास घेईल, तितके धान्य तुमच्या घरात राहील.