पिंपळे सौदागरच्या चुली मोजणारा साहेब : डॉ. हॅरॉल्ड मॅन

आज पिंपळे सौदागर म्हटलं की डोळ्यासमोर येतात उंचच उंच सोसायट्या, हॉटेलं आणि हिंजवडीकडं निघालेल्या आयटीवाल्यांच्या गाड्यांची रांग. पण शंभर वर्षांपूर्वी पवनेच्या काठावरचं हे साधं शेतकरी गाव होतं. आणि या गावावर 1917 साली एक इंग्रजी पुस्तक निघालं. पुस्तकाचा विषय एवढाच, की या गावातल्या जमिनीचं आणि इथं राबणाऱ्या माणसांचं नेमकं चाललंय काय. भारतातल्या एका खेड्याचा घरटी हिशोब शास्त्रीय पद्धतीनं मांडणाऱ्या पहिल्या काही अभ्यासांत त्याची गणना होते. ते लिहिणारा साहेब म्हणजे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन.

आपल्या जिल्ह्यातल्या दोन गावांची नावं या माणसामुळं जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाली. एक पिंपळे सौदागर, दुसरं शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. म्हणून आज त्यांच्याविषयी.

मॅन साहेबांचा जन्म 1872 चा, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. शिक्षण रसायनशास्त्राचं. माती, खत, पाणी यांचं पृथक्करण करणं हा त्यांचा धंदा. 1900 साली ते भारतात आले ते चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून. आसामात चहाच्या झाडाच्या किडी, रोग, मळ्याची माती यावर त्यांनी सहा-सात वर्षं काम केलं. असा माणूस घरोघर जाऊन लोक काय खातात, किती कर्ज आहे, हे विचारायच्या भानगडीत कसा पडला?

त्याचं उत्तर यॉर्कमध्येच आहे. त्याच शहरात, मॅन साहेबांच्या आधी एकच वर्ष जन्मलेला आणखी एक माणूस होता, सीबोम राउंट्री. कोको-चॉकलेटच्या मोठ्या कारखान्याच्या घरातला. त्यानं 1899 साली यॉर्कच्या कामगार वस्तीतली घरं एकेक करून पालथी घातली आणि 1901 साली पुस्तक काढलं. राउंट्रीनं आधी एक रेघ ठरवली. माणसाला अंगात ताकद राहायला किती अन्न लागतं, किती कपडा, किती भाडं, याचा खर्च काढला आणि मग कोणतं घर त्या रेघेच्या खाली आहे ते पाहिलं. दारिद्र्यरेषा हा शब्द आज आपल्याकडं रेशनकार्डापर्यंत पोचलाय, त्या कल्पनेच्या मुळाशी हे काम आहे.

पण राउंट्रीचं खरं डोकं दिसतं ते दुसऱ्या गोष्टीत. त्याच्या ध्यानात आलं की गरीब घर हे कायम सारखंच गरीब नसतं. मजुराचं आयुष्य वर-खाली होत राहतं. लहानपणी, भावंडं बारकी असताना, ओढाताण. मग पोरं कमवायला लागली की घराला जरा श्वास. लग्न होऊन स्वतःची पोरं झाली की पुन्हा ओढाताण. ती हाताशी आली की पुन्हा बरे दिवस. आणि म्हातारपणी, हातपाय थकल्यावर, पुन्हा खाली. म्हणजे एका दिवशी मोजणी केली तर शंभरातली काही घरं गरीब दिसतात, पण आयुष्यभर पाहिलं तर त्या फेऱ्यातून जाणारे किती तरी जास्त निघतात. आपल्या आज्या हे न मोजताच सांगायच्या.

मॅन साहेबांनी हीच पद्धत बेडफर्डशायरमधल्या रिजमाँट नावाच्या एका छोट्या खेड्याला लावून पाहिली. शहरात कोंदट वस्ती आणि खेड्यात मोकळी हवा, त्यामुळं खेडं सुखी, असा तेव्हा इंग्लंडात समज होता. हिशोब उलटा निघाला. शेतमजुराची मजुरी इतकी कमी की खेड्यातली गरिबी यॉर्क शहरापेक्षाही जास्त भरली. हा निबंध 1905 साली प्रसिद्ध झाला. पिंपळे सौदागरची वाट ही अशी रिजमाँटवरून येते.

1907 साली ते पुण्यात आले आणि शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. कॉलेजात बसून राहणाऱ्यांतले ते नव्हते. निरेच्या खोऱ्यात कालव्याचं पाणी आल्यावर उसाच्या जमिनी चिबड आणि खारवट व्हायला लागल्या होत्या. त्यावर त्यांनी आपले सहकारी ताम्हणे यांच्याबरोबर 1910 साली अहवाल काढला. बारामती, इंदापूर भागातल्या शेतकऱ्यांना हा विषय आजही नवा वाटणार नाही. विहिरींच्या पाण्याचाही त्यांनी अभ्यास केला.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अस्पृश्योद्धाराच्या मंडळीच्या, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या, पुणे शाखेचे मॅन साहेब अध्यक्ष होते. पुण्यातल्या अस्पृश्य वस्त्यांमधल्या कुटुंबांची स्थिती त्यांनी 1912 च्या सुमारास एका इंग्रजी समाजशास्त्रीय नियतकालिकात मांडली. सरकारी नोकरीतला गोरा अधिकारी त्या वस्त्यांत जाऊन घरखर्च विचारतो, हे त्या काळात रोजचं चित्र नव्हतं.

आता पिंपळे सौदागर. मॅन साहेबांबरोबर या कामात कॉलेजातली मराठी माणसं होती : सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आणि इतर. लोकांशी बोलायचं, माती तपासायची, पीक किती आलं ते बघायचं, कोणाचा तुकडा कुठं आहे ते लिहायचं, हा सगळा खटाटोप यांच्याशिवाय झालाच नसता. पुस्तकावर नाव साहेबाचं मोठं, हे खरं. पण दुसऱ्या पुस्तकावर ना. वि. कानिटकरांचं नाव साहेबाच्या बरोबरीनं आलं, हेही खरं. पुढं हेच कानिटकर कोरडवाहू शेतीच्या संशोधनात मोठं नाव झाले.

या मंडळींनी पेशवाईतले जुने कागद काढले आणि गावातली सरासरी जमीनधारणा कशी बदलत गेली ते मांडलं. 1771 साली एका खातेदाराकडं सरासरी 40 एकर. 1818 ला, पेशवाई बुडाली तेव्हा, साडेसतरा एकर. 1820 ते 1840 या काळात 14 एकर. आणि 1914-15 ला फक्त 7 एकर. दीडशे वर्षांत 40 चे 7.

बरं, ते सात एकर तरी एका जागी? तसंही नाही. 156 खातेदारांची जमीन सातशेच्या वर तुकड्यांत विखुरलेली होती. त्यातले 463 तुकडे एक एकराच्या आतले. कारण आपल्याला घरचंच आहे. वाटणी सरसनिरस करायची म्हणून काळ्या रानातला एक तुकडा, माळावरचा एक, विहिरीखालचा एक, असं प्रत्येक भावाला प्रत्येक ठिकाणी. भावकीत न्याय झाला, पण बैलजोडी घेऊन जायची तर चार बांध ओलांडायचे. माझ्या स्वतःच्या घरच्या सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत. त्यामुळं ही पानं मला परक्या गावची वाटली नाहीत.

हे आकडे पुढं फार गाजले. शेतीवरच्या रॉयल कमिशनच्या काळात जमिनीच्या तुकड्यांची चर्चा निघाली की पिंपळे सौदागरचं उदाहरण यायचं. इंग्रज राजवटीनं खेडं कसं भिकेला लावलं हे सांगणाऱ्यांनीही हेच आकडे हातात धरले. मला इथं थोडं थांबावंसं वाटतं. नीट पाहिलं तर 40 वरून साडेसतरा ही सगळ्यात मोठी घसरण 1818 च्या आधीची आहे, पेशवाईतली. नंतरच्या शंभर वर्षांत साडेसतराचे सात झाले, तेही वाईटच. पण सगळं बिल एकाच राजवटीच्या नावावर फाडता येत नाही. माणसं वाढली, वाटण्या झाल्या, आणि शेतीबाहेर जायला वाट नव्हती, असं ते दुखणं आहे.

मग घरटी हिशोब. गावात 103 कुटुंबं. प्रत्येकाला जगायला किमान किती लागतं याची रेघ इथंही ठरवली, राउंट्रीसारखी. नुसत्या शेतीवर त्या रेघेच्या वर राहणारी कुटुंबं निघाली 8. शेती अधिक बाहेरची मजुरी धरून वर राहणारी 28. उरलेली 67 कुटुंबं दोन्ही मिळूनही रेघेच्या खाली. ती जगत होती अर्धपोटी राहून आणि सावकाराकडून उचल घेऊन. गावातल्या शंभरातल्या 81 खात्यांवर, कितीही चांगला हंगाम आला तरी, मालकाचं घर चालणार नाही असं त्यांनी नोंदवलं. सरकारी नोकरीत राहून हे छापणं सोपं नसावं.

त्या 28 कुटुंबांना तारलं कशानं? खडकीचा दारूगोळा कारखाना जवळ होता, पहिल्या महायुद्धाचे दिवस होते, हातांना काम मिळत होतं. म्हणजे गाव शेतीवर नाही, पगारावर उभं राहत होतं, 1917 सालीच. आज ज्याला आपण गावाचं शहरीकरण म्हणतो त्याची सुरुवात या आकड्यात दिसते.

हाच संशय मॅन साहेबांनाही आला असणार, की हे गाव पुण्याच्या फार जवळचं आहे, त्यावरून सगळ्या दख्खनचं अनुमान काढता येणार नाही. म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी शहरापासून लांबचं, कोरडवाहू गाव निवडलं : जातेगाव बुद्रुक. हा अभ्यास 1921 साली छापून आला. इथं खडकीसारखा कारखाना हाकेच्या अंतरावर नव्हता. पावसावर भरवसा, आणि तोच बेभरवशाचा. निकाल पिंपळे सौदागरपेक्षा वाईट लागला. शंभरातली साधारण 85 कुटुंबं रेघेच्या खाली.

या अभ्यासांत एक उणीव आहे. ही एका वेळची मोजणी होती, जणू काढलेला एक फोटो. त्या 67 घरांतलं कोणतं घर पुढच्या दहा वर्षांत वर आलं, आठातलं कोणतं सावकाराच्या घशात गेलं, हे फोटोत दिसत नाही. पोरं कारखान्यात लागली म्हणून सुधारलेलं घर आणि कर्ता माणूस साथीत गेला म्हणून बसलेलं घर, दोन्ही एकाच रकान्यात येतात. त्यासाठी त्याच दारात पुन्हा जावं लागतं. राउंट्रीनं यॉर्कची पाहणी 1936 ला आणि नंतर 1950 ला पुन्हा केली. मॅन साहेबांना आपल्या गावांत तसं करता आलं नाही. पण त्यांनी नोंद इतकी काटेकोर करून ठेवली की दुसऱ्या कोणाला तरी ते करता यावं.

1921 ते 1927 ते मुंबई इलाख्याचे शेतकी खात्याचे डायरेक्टर होते. त्या सुमारास मुंबईच्या कायदेमंडळात छोट्या खात्यांबद्दलचं बिल आलं. जमीन ठराविक मापाखाली तोडायची नाही, असा त्याचा रोख. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांनी ते हाणून पाडलं. धाकट्या भावाचा हक्क जाईल ही भीती होती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा आला तो थेट 1947 साली. त्यानंतरही गुंठ्यागुंठ्याचे व्यवहार कसे होतात ते आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर उभं राहिलं की कळतं.

नोकरी संपल्यावर साहेब इंग्लंडला परत गेले. 1928 पासून पुढं पंचवीसहून जास्त वर्षं ते वोबर्नच्या प्रयोग शेतावर काम करत होते, रिजमाँटपासून अगदी जवळ. पण दख्खन डोक्यातून गेलं नव्हतं. 1865 ते 1938 या काळातला इथला पाऊस आणि दुष्काळ यांचा ताळमेळ घालणारं त्यांचं पुस्तक 1955 साली मुंबईच्या भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्थेनं काढलं. तेव्हा ते ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांचे होते.

त्याच संस्थेनं पिंपळे सौदागरची पुन्हा पाहणी करवली. दिसकळकरांनी केलेला तो फेरअभ्यास 1960 साली पुस्तक म्हणून आला. पहिल्या मोजणीनंतर चाळीस वर्षांनी कुणीतरी वही घेऊन त्याच गावात परत गेलं होतं. पुढच्या वर्षी, 1961 ला, मॅन साहेब वारले. त्यांचे गोळा केलेले निबंध डॅनियल थॉर्नर यांनी 1968 साली एका पुस्तकात आणले. त्यात रिजमाँटचे शेतमजूर आणि आपल्याकडचे शेतकरी एकाच बांधणीत शेजारी शेजारी आहेत.