रस्त्यात बंद पडलेली गाडी टोपीच्या पिनेने चालू करणारी बर्था बेंझ

करंजी घाट, मे महिना, दुपारचे दोन. नगरहून पाथर्डीकडे निघालेली आमच्या काकांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी निम्म्या चढावर दोन-तीन आचके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की परत चालू. पुढच्या चढाला पुन्हा तेच. बाजूला थांबून डोकावणाऱ्या प्रत्येकाचं निदान एकच, पंप गेला.

काकांनी पंप बदलला. पुढच्या रविवारी गाडी त्याच घाटात पुन्हा बंद.

दोष नेमका कुठे होता ते पुढे सांगते. कारण पेट्रोल इंजिनापर्यंत का पोचत नाहीये, हा प्रश्न भर रस्त्यात सोडवणारी जी पहिली माणसं इतिहासाला माहीत आहेत, त्यात एक बाई आहे. तिच्याकडे ना मेकॅनिक होता ना स्पेअर पार्ट. साल होतं १८८८.

तिचं नाव बर्था बेंझ. मर्सिडीज-बेंझमधल्या बेंझची बायको, एवढीच ओळख बऱ्याच जणांना असते. पण ती ओळख फारच तोकडी आहे.

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावातला. वडील बांधकामातले, घर खाऊन-पिऊन सुखी. तिच्या जन्माच्या वेळी पुन्हा मुलगीच झाली अशी खंत वडिलांनी घरच्या बायबलमध्ये नोंदवून ठेवली होती, असं सांगितलं जातं. कार्ल बेंझ नावाच्या तरुण इंजिनीअरशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा त्याच्या खिशात फारसं काही नव्हतं. १८७१ मध्ये मॅनहाइमला त्याने एक वर्कशॉप काढलं होतं, पण भागीदाराशी पटेना. बर्थाने आपला हुंडा लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतला आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. लग्न झालं १८७२ मध्ये. म्हणजे नवऱ्याच्या धंद्यात पहिला मोठा पैसा बायकोचा.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्री जेवणानंतर बर्थाच्या आग्रहावरून दोघं वर्कशॉपमध्ये गेले आणि कार्लचं इंजिन पहिल्यांदा नीट चालू राहिलं. २९ जानेवारी १८८६ ला तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज गेला. पेटंटवर नाव एकट्या कार्लचं.

आता खरी अडचण सुरू झाली. गाडी तयार, पण घेणारं कोणी नाही. लोक लांबून बघायचे, हसायचे, घाबरायचे. कार्ल हुशार होता, पण भिडस्त. अजून सुधारणा हवी म्हणत तो गाडी वर्कशॉपच्या आसपासच फिरवायचा. हुंडा या यंत्रात अडकलेला आणि यंत्र लांबचं अंतर कापू शकतं हे कुणी पाहिलेलंच नाही.

ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बर्था उठली. १५ वर्षांचा ऑयगेन आणि त्याच्याहून लहान रिचर्ड या दोन मुलांना घेऊन तिने कार्लला न सांगता गाडी बाहेर काढली. जायचं होतं माहेरी, फोर्झहाइमला. अंतर साधारण १०४ किलोमीटर. आपल्या हिशोबात नगरहून निघून वाघोलीपर्यंत. फक्त तेव्हा वाटेत ना सुप्याचे ढाबे, ना पेट्रोल पंप, ना डांबरी रस्ता. होते ते घोडागाडीचे रस्ते.

इंधन पहिल्या टप्प्यातच संपत आलं. गाडी चालायची लिग्रोइनवर, म्हणजे डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पेट्रोलसारख्या द्रवावर. विस्लोख गावातल्या फार्मसीत बर्थाने ते विकत घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं, आणि त्याचा तो हक्कच आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी वाफ होऊन उडायचं, त्यामुळे दिसेल तिथे थांबून पाणी भरायचं हे वेगळंच काम.

मग गाडी आचके खाऊ लागली. इंधन होतं, पण पुढे जात नव्हतं. या गाडीला आजच्यासारखा फ्युएल पंप नव्हताच. तरी नियम तोच, टाकीतलं इंधन इंजिनापर्यंत पोचलं पाहिजे. बर्थाने इंधनाचा मार्ग तपासला. नळी कचऱ्याने तुंबली होती. तिने डोक्यावरच्या टोपीची लांब पिन काढली, नळीत घालून कचरा काढला, आणि गाडी चालू. पुढे इग्निशनच्या वायरचं आवरण गेलं, तिथे मोजे धरून ठेवणारा पट्टा गुंडाळला. चेन ताणली गेली, ती लोहाराकडून नीट करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढाला पोरं उतरून गाडी ढकलायची. संध्याकाळी फोर्झहाइमला पोचल्यावर तिने कार्लला तार केली.

आता काकांच्या गाडीकडे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनाला बसवलेला असतो. आत एक पडदा असतो, इंजिन फिरलं की तो वरखाली होतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलतो. पडदा फाटला की पंपाच्या बाजूच्या भोकातून पेट्रोल ठिबकतं, किंवा ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल आणि लेव्हल वाढलेली दिसली तर गाडी चालवू नका.

पण पंपावर आळ घेण्याआधी टाकीपासून सुरुवात करा. गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा सुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. थोडा वेळ थांबलं की हवा हळूहळू झिरपते, गाडी चालू होते, आणि लोकांना वाटतं पंप थंड झाला. काकांचं अगदी हेच होतं. नव्या पंपाचे पैसे पाण्यात.

भोक ठीक असेल तर फिल्टर बघा. तोही स्वच्छ असेल, तर उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं ठेवून बघा. त्याने गाडी चालू झाली तर उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ धरली होती. एवढं करूनही पेट्रोल येत नसेल तर इंजिन थंड होऊ द्या, कॉइलची वायर काढा, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोल दमदार पिचकाऱ्या मारत आलं तर पंप ठणठणीत. अशा वेळी जवळ कुणी सिगारेट ओढत असेल तर आधी त्याला हाकला. इंजेक्शनवाल्या गाडीत मात्र पाइपाला हात लावू नका, तिथे दाब खूप असतो. तिचा पंप बहुतेक वेळा टाकीतच असतो. चावी फिरवल्यावर दोन सेकंद बारीक घूं आवाज आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले तपासायचे. कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण त्या पंपाला थंड ठेवतं ते टाकीतलं पेट्रोलच.

बर्था काही दिवसांनी तीच गाडी चालवत मॅनहाइमला परतली आणि काय काय बिघडलं ते कार्लला सांगितलं. चढासाठी आणखी एक गिअर आला, ब्रेकला चामड्याचं अस्तर आलं. त्याच सप्टेंबरात म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९९ मध्ये बेंझच्या कारखान्याने ५७२ गाड्या बनवल्या, तेव्हा जगात इतक्या गाड्या कुणीच बनवत नव्हतं. १९२६ मध्ये कंपनी डाइमलरबरोबर एक झाली. १९२९ मध्ये कार्ल गेला. बर्था लाडेनबुर्गला राहत होती. ९५ व्या वाढदिवसाला कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने, जिथे कार्ल शिकला होता, तिला मानद सिनेटर केलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला ती वारली. २००८ पासून मॅनहाइम ते फोर्झहाइम या तिच्या वाटेवर तिच्या नावाच्या पाट्या आहेत.