१९२१ची कार ५८ वर्षांनी विंड टनेलमध्ये गेली अन् इंजिनीअर थक्क झाले. कोण होते एडमंड रुम्प्लर?

१९७९ साली जर्मनीत फोक्सवॅगनच्या विंड टनेलमध्ये चाचणीसाठी एक जुनी कार आणण्यात आली. ती संग्रहालयातली होती, १९२१च्या मॉडेलची. मोजणीत तिचा ड्रॅग कोएफिशंट निघाला ०.२८. त्या वेळी रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांचा हाच आकडा ०.४ किंवा त्याहून जास्त होता. फोक्सवॅगनची तेव्हाची गोल्फही ०.४२वर होती.

ही कार बनवणारे एडमंड रुम्प्लर हा आकडा पाहायला नव्हते. त्यांचं निधन होऊन ३९ वर्षं झाली होती.

आधी हा आकडा समजून घेऊ

गाडी धावते तेव्हा समोरची हवा तिला मागे ढकलते. गाडीचा आकार हवेला किती अडतो, हे ड्रॅग कोएफिशंट सांगतो. आकडा जितका कमी, तितकी हवा सहज बाजूला सरकते. विंड टनेलमध्ये गाडी जागेवर उभी असते, मोठ्या पंख्याने तिच्यावर वारा सोडतात आणि तो तिला किती जोराने ढकलतो ते मोजतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला आठपट ताकद लागते. म्हणजे ताशी १०० किमीला हा आकडा थेट पेट्रोलच्या खर्चात दिसतो. शहरातल्या ३०-४० किमीला मात्र तो फारसा जाणवत नाही. पुढे रुम्प्लर यांचं घोडं अडलं, त्याचं एक कारण हेही.

विमानातून कारकडे

रुम्प्लर यांचा जन्म ४ जानेवारी १८७२ रोजी व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबात झाला. सुरुवात मोटारींपासूनच झाली. पुढे टाट्रा (टाटा नव्हे!) म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीत आणि नंतर जर्मनीतल्या अॅडलरमध्ये त्यांनी काम केलं. दोन्ही मागची चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होऊ देणाऱ्या स्विंग अॅक्सलचं पेटंट त्यांनी १९०३मध्ये घेतलं. पुढे फोक्सवॅगन बीटलमध्ये याच प्रकारचा अॅक्सल होता.

१९०८मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये विमानांचा कारखाना काढला. नाव झालं ते 'टाउबे' म्हणजे कबूतर या विमानामुळे. खरं तर त्याचं डिझाइन ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिख यांचं. हवेत तरंगत जाणाऱ्या एका वेलीच्या बियांवरून त्यांना पंखांचा आकार सुचला होता. रुम्प्लर यांनी परवाना घेतला, पण नंतर रॉयल्टी देणं बंद केलं आणि विमान स्वतःच्या नावाने विकलं. त्यांच्या चरित्रातली ही बाजू झाकण्यासारखी नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला आणि व्हर्सायच्या तहाने तिथल्या विमाननिर्मितीवर बंदी आली. हातात हवेचं ज्ञान होतं, पण विमान बनवता येत नव्हतं. रुम्प्लर पुन्हा मोटारींकडे वळले.

'थेंबगाडी'

१९२१च्या बर्लिन मोटार शोमध्ये त्यांनी 'ट्रोप्फेनवागन' म्हणजे थेंबगाडी मांडली. वरून पाहिलं तर पाण्याच्या थेंबासारखी: पुढे गोलसर, मागे निमुळती. काचा वक्र, तळ सपाट. इंजिन मागच्या चाकांच्या पुढे, ड्रायव्हर एकटा पुढे आणि तोही मधोमध. त्या काळच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले खोकेच, त्यात ही परग्रहावरचीच वाटली असणार.

लोकांनी पाहिली, पण घेतली नाही. सामान ठेवायला जागा नव्हती. सहा सिलिंडरचं, ३६ हॉर्सपॉवरचं इंजिन त्रास द्यायचं. दिसायलाही विचित्र. १९२५पर्यंत जेमतेम शंभर गाड्या बनल्या. छत उंच आणि चढ-उतार सोपी, म्हणून बर्लिनमध्ये काही टॅक्सी झाल्या. फ्रिट्झ लँग यांच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या चित्रपटात तर त्या चक्क जाळण्यात आल्या.

बेन्झ कंपनीने मात्र ही कल्पना घेऊन रेसिंग कार बनवली. १९२३मध्ये मोंझाच्या ग्रां प्रीमध्ये ती चौथी आणि पाचवी आली. इंजिन ड्रायव्हरच्या मागे ठेवण्याची हीच मांडणी आज प्रत्येक फॉर्म्युला वन कारमध्ये आहे.

रुम्प्लर यांचा थेंब मुख्यतः वरून पाहिलेला होता, म्हणजे हवा दोन्ही बाजूंनी वाहील असा हिशेब. त्याच सुमारास व्हिएन्नाचेच पॉल यारै यांनी जमिनीलगत धावणाऱ्या गाडीच्या छतावरून हवा कशी वाहते, यावर भर दिला. झेपेलिनच्या विंड टनेलमध्ये मॉडेल तपासून त्यांनी कारच्या आकाराचं पेटंट मागितलं. पुढच्या काळातल्या 'स्ट्रीमलाइन' गाड्या दिसायला यारै यांच्या आकाराच्या जास्त जवळ आहेत.

१९३३ आणि त्यानंतर

हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असल्यामुळे रुम्प्लर यांना तुरुंगात टाकण्यात आलं. लवकरच सुटका झाली, पण कारकीर्द संपली होती. ७ सप्टेंबर १९४० रोजी, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. त्यांची कागदपत्रं नाझींनी नष्ट केली.

स्वतः फोक्सवॅगनची पसाट १९८८मध्ये ०.२९वर पोहोचली. आज मूळ थेंबगाड्या दोनच उरल्या आहेत. एक बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे आणि दुसरी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये. १९७९मध्ये वाऱ्यासमोर उभी केलेली गाडी म्युनिकचीच.